गुडघ्याची गोळी, पोटाचा अल्सर

अल्सर म्हटले की घरात पहिले बोट तिखटाकडे जाते, दुसरे काळजीकडे. ठेचा बंद होतो, थंड दूध सुरू होते. तिखटाने जळजळ वाढू शकते. पण जठरातल्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या व्रणाची मुख्य कारणे दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्या.

जठरातल्या आम्लात जिवाणू आजार घडवतो, हे कुणी मानायला तयार नव्हते. तेव्हा १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी हे जिवाणू स्वतःच पिऊन पाहिले. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तपासणीत जठराला सूज दिसली. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळाले.

जिवाणूची निदान चर्चा होते. गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या गोळीची होत नाही. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने कमी करतात. दुखणे त्यामुळेच थांबते, पण जठराचे अस्तरही याच रसायनांच्या जोरावर आम्लापासून वाचत असते. परिणाम रक्तातून होतो, त्यामुळे ‘जेवूनच घेते हो मी’ म्हणून धोका टळत नाही. इंजेक्शननेही टळत नाही. पासष्टीपुढचे, पूर्वी अल्सर झालेले, रक्त पातळ करणारी औषधे किंवा स्टिरॉइड घेणारे यांना तो अधिक. अशांनी सांधेदुखीसाठी आधी पॅरासिटामॉल किंवा लावायच्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारावे. हृदयासाठी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र स्वतःहून बंद करू नये.

वयस्कर माणसांत असा अल्सर अनेकदा दुखतच नाही. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट होणे, चक्कर येणे, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी होणे ही रक्तस्रावाची चिन्हे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण तो निष्कर्ष घरी काढू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

जिवाणूची तपासणी श्वासावरून किंवा शौचाच्या नमुन्यावरून होते. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टरांना विचारून थांबवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. उपचारात प्रतिजैविके सहसा चौदा दिवस असतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून ती सोडणारे खूप. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जिवाणू गेला का, ते पाहावे.