आश्विन आला, माल आला

पाऊस ओसरला, आभाळ निवळले, की आश्विन लागतो. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात या महिन्यात सणांची रीघ असते. घट बसतात, दसरा होतो, कोजागरी येते, मागोमाग दिवाळी. एवढे सण याच दिवसांत का बरे? कारण साधे आहे. आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या असतात. आश्विनात खरिपाचा माल हाताशी येतो. मूग-उडीद निघालेले असतात. सोयाबीनची सोंगणी चालू असते. कापूस फुटू लागतो. घरात दाणा आला म्हणजे माणसाला सण सुचतो.

आधी भुलाबाईचे बघा. ती भाद्रपद पौर्णिमेला बसते आणि कोजागरीपर्यंत महिनाभर राहते. भुलाबाई म्हणजे पार्वती, भुलोजी म्हणजे शंकर. कुंभाराकडून मातीची जोडी आणायची आणि कोनाड्यात मांडायची. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी जमतात. घरोघर जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात. ही गाणी नीट ऐका. सासुरवाशीण माहेरी जायला निघते, पण सासू तिला एकामागून एक कामे सांगते. पोरी हसत हसत म्हणतात. पण गाण्यातले दुःख खरे आहे. ज्या बाईला घरात तोंड उघडता येत नव्हते, तिने ते भुलाबाईपुढे सांगितले.

गाणी झाली की खिरापत. ती डब्यात झाकून ठेवतात. डबा कानाशी हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचे. ओळखले नाही तर घरची बाई मोठ्या मिजाशीत झाकण काढते!

कोजागरीच्या रात्री ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर करून भुलाबाईवर उभा करतात. पूर्वी धांडे हवे तेवढे मिळत. आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. मखरासाठी पाच धांडे मागायला कुणाच्या तरी बांधावर जावे लागते. सोयाबीनच्या काड्यांचा काही मखर होत नाही.

कापसाचीही एक रीत आहे. पहिली वेचणी सुरू करताना शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात.

ही झाली शेतातली आणि गल्लीतली गोष्ट. आता मोठ्या गावांकडे वळू. देऊळगाव राजा हे सिंदखेडच्या जाधव घराण्याचे गाव. तिथे आश्विनात बालाजी महाराजांची यात्रा भरते. तिथला मंडप बघण्यासारखा असतो. लाकडाच्या उंच, जाड लाट्या दोर लावून माणसेच उभ्या करतात आणि त्यांवर कापड ताणतात. एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे. शेकडो हात लागतात.

खामगावची तऱ्हा आणखी वेगळी. सगळीकडे देवी घटस्थापनेला बसते आणि दसऱ्याच्या सुमाराला उठते. खामगावची मोठी देवी मात्र कोजागरीला बसते! ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. लोक सांगतात, नवरात्रात देवीने राक्षस मारले, तेव्हा ती रागात होती. तो राग शांत व्हावा म्हणून ही पूजा. म्हणून याला शांती उत्सव म्हणतात. दहा-अकरा दिवस गर्दी लोटते, दुकाने लागतात. विसर्जन झाले की दिवाळी दारात उभी असते.

हे सगळे ऐन बाजाराच्या दिवसांत येते. खामगाव हे पहिल्यापासून कापसाचे गाव. त्या कापसासाठीच १८७० साली जलंबहून तिथे रेल्वेचा फाटा आला. त्या काळी व्यापारी आणि दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवीत. गाडीवाला शेतकरी नुसता बघत उभा. त्याला काय कळणार? १८९७ साली वऱ्हाडात बाजाराचा कायदा झाला. आज बाजार समितीत उघड लिलाव होतो.

तरी एक अडचण राहतेच. देवी आली, दिवाळी आली, पोरांना कपडे हवेत. मग आपण ओले सोयाबीन तसेच पोत्यात भरतो. दाण्यात शंभराला बाराहून जास्त ओल असली की भाव कापतात. सगळ्यांनी एकदमच माल आणला, तर भाव आणखी उतरतो. चार दिवसांचे ऊन दिले तर निदान ओलीची कटती टळते. सणाला लागेल तेवढाच माल आधी विकला तरी चालतो.

माल विकला की काटापट्टी आणि हिशोबपट्टी मागून घ्यावी. तुम्हाला आता वाचता येते. वजन बघा, भाव बघा, हमाली आणि तोलाई किती कापली ते बघा. समजा वजन ८ क्विंटल आणि भाव ४,००० रुपये. आठ चोक बत्तीस, म्हणजे ३२,००० रुपये. यातून हमाली-तोलाई वजा केली की तुमचे पैसे. आकडा जुळला नाही तर तिथेच विचारा. लाजू नका. आकडा जुळला की पट्टी घडी करून खिशात घालावी आणि मग घरच्यांना घेऊन देवीला जावे.