‘प्रिन्सेस रॉयल’ या चालीचे कर्तृत्व
इंग्लंडमधील ग्रामीण नृत्यांत फिडलवर वाजविली जाणारी ‘प्रिन्सेस रॉयल’ ही चाल दीर्घकाळ विल्यम शील्ड याची समजली जात असे. कारण त्याच्या १७९६ मधील ‘लॉक अँड की’ या संगीतिकेतील ‘अरेथूसा’ हे नाविकगीत याच चालीवर आहे. परंतु लंडनच्या वॉल्श या प्रकाशकाच्या नृत्यसंग्रहात ती सुमारे १७३० मध्येच आढळते. शील्डचा जन्म १७४८ चा. सबब तो कर्ता नव्हे, योजक होय. बंटिंगने १८४० मध्ये हे कर्तृत्व आयरिश हार्पवादक कॅरोलन (१६७०–१७३८) याला दिले. कालदृष्ट्या ते संभवनीय खरे. तथापि शतकानंतरची नोंद निर्णायक ठरत नाही. मुद्रणावरून चालीच्या निर्मितिकालाची उत्तरमर्यादा निश्चित होते, कर्ता नव्हे.