फुकट दिले म्हणून नाव पुसावे काय?

जमिनीच्या बांधावरून भाऊबंद कोर्टात जातात, विहिरीच्या पाण्यावरून शेजारी शेजाऱ्याचे तोंड पाहत नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. पण जी वस्तू कर्त्याने आपण होऊन जगाला फुकट देऊन टाकली, तिच्यावरून तंटा व्हावा, ही गोष्ट ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. संगणकाच्या दुनियेत २००७ साली असे घडले. तेही एकदा नव्हे, एका वर्षात दोनदा! आणि मौज अशी की, पहिल्या खेपेस जी बाजू फिर्यादी होती, तीच दुसऱ्या खेपेस आरोपी होऊन उभी राहिली.

दोन घराणी

संगणक चालतो तो त्याला लिहून दिलेल्या आज्ञांवर. या आज्ञांचे मूळ लेखन, म्हणजे कोड, कित्येक कंपन्या कुलपात ठेवतात. उलट, ते सर्वांसाठी उघडे ठेवणाऱ्यांचा एक पंथ आहे. त्यास ‘ओपन सोर्स’ म्हणतात. फिनलंडच्या लिनस टोर्व्हाल्ड्‌सने १९९१ साली आरंभिलेले लिनक्स हे त्यातले मोठे घराणे. थिओ डी राट याने १९९५ साली स्थापलेले, कॅनडातल्या कॅलगरीहून चालणारे ओपनबीएसडी हे दुसरे. आकाराने लहान, पण काटेकोरपणाबद्दल नावाजलेले.

दोन्ही घरी पंगत फुकटच. मात्र वाढण्याच्या रीती निराळ्या. लिनक्सचा परवाना जीपीएल. रिचर्ड स्टॉलमनने १९८९ साली प्रथम सिद्ध केलेला हा परवाना सांगतो : घ्या, बदला, वाटा, पण बदललेले वाटाल तेव्हा त्याचा कोडही याच अटीवर द्या. ओपनबीएसडीचा परवाना याहून सैल आहे. हवे ते करा, विका, वाटल्यास कुलूपही लावा. फक्त माझे नाव आणि परवान्याचा हा मजकूर तेवढा काढू नका, एवढेच त्याचे मागणे.

यातून एक गोष्ट निघते. सैल परवान्याचा कोड, नाव राखून, जीपीएलच्या घरात नेता येतो. जीपीएलचा कोड मात्र मूळ लेखकांच्या संमतीवाचून सैल परवान्याखाली आणता येत नाही. तंट्याचे मूळ येथेच आहे.

पहिला तंटा

ब्रॉडकॉम कंपनीच्या वायफाय-चिपा घरोघरच्या संगणकांत होत्या. चिप आणि संगणक यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी जी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. तो लिहिण्यास लागणारी माहिती कंपनीने लिनक्सवाल्यांना दिली नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी काम वाटून घेतले. एका तुकडीने कंपनीचा तयार ड्रायव्हर उलगडून चिपेच्या वागणुकीचे वर्णन लिहिले. दुसऱ्या तुकडीने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. एवढे सोवळे पाळण्याचे कारण असे की, चिप कशी चालते ही माहिती म्हणजे कोणाचे लेखन नव्हे. तिच्यावरून लिहिलेला कोड मात्र लिहिणाऱ्याचा असतो.

एप्रिल २००७ मध्ये या मंडळींना ओपनबीएसडीच्या नव्या ड्रायव्हरात आपल्याच ओळी दिसल्या, त्याही सैल परवान्याखाली! दोन विद्यार्थी एकाच कादंबरीवर उत्तर लिहितात तेव्हा मुद्दे जुळतात, त्यात नवल नाही. पण वाक्येच्या वाक्ये जुळली की परीक्षकाला काय ते कळते. लिनक्सकडील लेखकाने पत्र लिहिले. तक्रार खरी होती. काही भाग सैल परवान्याखाली देण्याचा विचार करू, अशी तयारीही पत्रात होती. परंतु ते पत्र धाडले चारचौघांना वाचता येईल असे.

डी राट उसळला. काम अर्धवट होते, चूक झाली तर आधी त्या लेखकाला एकट्याला सांगायचे; भर चौकात चोर ठरवण्याचे कारण काय, असा त्याचा सवाल. लिनक्सवाल्यांचे उत्तर असे की, कोड चव्हाट्यावर ठेवला होता, मग तक्रार तरी झाकून का ठेवावी? शेवटी ओपनबीएसडीने तो ड्रायव्हर काढून टाकला आणि त्यावरचे काम थांबले. हक्क शाबूत राहिला. पण महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाया गेली.

दुसरा तंटा

चार महिन्यांनी पारडे फिरले. ॲथेरॉस कंपनीच्या चिपांसाठी ओपनबीएसडीच्या एका लेखकाने मोठ्या कष्टाने कोड लिहिला होता. तो लिनक्ससाठी घेण्याचे काम चालू असता, ऑगस्टच्या अखेरीस लिनक्सकडील एकाने दुरुस्ती सुचवली. तिच्यात कित्येक फाइलींवरचा सैल परवाना खोडून त्या जागी जीपीएल घातला होता! त्यांतल्या काही फाइलींवर ‘दोहोंपैकी कोणताही परवाना घ्या’ असे लिहिलेले होते. तेथे निवडीस वाव होता. पण ओपनबीएसडीच्या लेखकाच्या फाइलींवर एकच परवाना होता, आणि त्याची एकुलती एक अट हीच की हा मजकूर काढू नये.

आपल्या संतांच्या अभंगांत शेवटी नाममुद्रा असते. अभंग कोणीही गावा, कीर्तनात रंगवावा, त्याला कोणी दाम मागत नाही. पण गाणाऱ्याने नाममुद्रा बदलून स्वतःची घातली तर? फुकट देणाऱ्याला नावापलीकडे दुसरी दक्षिणा नसते. ओपनबीएसडीवाले संतापले ते याचसाठी.

सुदैवाने ती दुरुस्ती लिनक्सच्या मुख्य भांडारात शिरलेली नव्हती. कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी २००५ साली स्थापलेले सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर पुढे आले. वकील लिनक्सवाल्यांचे, पण त्यांनी अशिलाची नुसती पाठराखण केली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांनी लेखी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याचे सार असे : मूळ लेखकाचे नाव व परवाना जसाच्या तसा राहील, नवी भर घालणाऱ्याने आपले नाव शेजारी लिहावे, जुन्यावर नव्हे. एप्रिल २००८ मध्ये तो ड्रायव्हर लिनक्सच्या २.६.२५ या आवृत्तीत आला, तो त्या मूळ नावासह आणि मूळ परवान्यासह. आजही फाइलीच्या माथ्यावर ते वाचता येते.

दोन्ही खेपेस कोर्टाची पायरी कोणी चढले नाही. कायद्याचा प्रश्न दोन्ही वेळा तसा सोपाच होता. माथ्यावरचा परवाना नीट वाचला असता तर उत्तर तेथेच होते. फरक पडला तो तंटा हाताळण्यात. पहिल्या खेपेस मान दुखावला आणि काम मेले. दुसऱ्या खेपेस आरडाओरडा कमी झाला नाही, पण कोणीतरी शांतपणे एकेक फाइल तपासली आणि काम जगले.

लिनक्सच्या घरी कोड देणाराने तो आपण कोठून आणला याची हमी सही करून द्यावी, ही पद्धत २००४ पासून आहे. २०१७ पासून फाइलीच्या पहिल्याच ओळीत परवान्याचे नाव ठरावीक रीतीने लिहितात. ही शिस्त चांगलीच. तथापि आपली ओळ दुसऱ्याच्या घरी दिसली, तर आधी त्याचे दार वाजवावे, पुरावा त्याच्या हाती द्यावा, सुधारण्यास अवधी द्यावा. इतके करूनही ऐकले नाही, तर चौक आहेच!