निकाली दाव्यांचें दप्तर

इंदापूरच्या दिवाणी न्यायालयांत वाटपाच्या दाव्याचा निकाल लागला, कीं पक्षकार पेढे आणतो, वकील समाधानानें हंसतो आणि कारकून कागदांचा गठ्ठा सुतळीनें बांधून माळ्यावर टाकतो. दावा संपला असें तिघांनाही वाटतें. वस्तुतः पुष्कळदां तेथें युक्तिवाद तेवढे संपलेले असतात.

वाटपाचा दावाच घ्यावा. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती व इंदापूर तालुक्यांतील भिजणाऱ्या जमिनीला मोल चढलें. ज्या वस्तूला मोल, तिच्या हिस्स्यासाठीं भावाभावांत तंटा, हें ओघानेंच आलें. अशा दाव्यांत न्यायालय प्रथम कोणाचा हिस्सा किती तें ठरवितें. हा प्राथमिक हुकूमनामा. परंतु सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे तुकडे सरस-निरस पाहून प्रत्यक्ष पाडून देण्याचें काम, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणें, जिल्हाधिकाऱ्यांकडे अथवा त्यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांकडे जातें. त्यानंतर मोजणी, ताबा, फेरफार, आणि शेवटीं ७/१२ च्या उताऱ्यावर नांव. एवढें व्हावयाचें असतां गठ्ठा माळ्यावर गेला, तर जिंकलेला हिस्सा कागदावरच राहतो.

हुकूमनाम्याच्या बजावणीसाठीं दरखास्त देण्याची मुदत सामान्यतः १२ वर्षांची आहे. वाटपाचा अंतिम हुकूमनामा मुद्रांकावर उतरवून घेण्यास पक्षकारानें विलंब लावला, तरी ही मुदत हुकूमनाम्याच्या तारखेपासूनच धांवूं लागते, असें सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं स्पष्ट केलें. अमुक बांधकाम काढून टाका, अशा स्वरूपाच्या आज्ञापक मनाईच्या हुकुमाला तर अवघ्या ३ वर्षांची मुदत. बारा वर्षें ऐकावयास मोठीं वाटतात. परंतु तेवढ्या काळांत पक्षकार वारतो, मुलें पुण्यास जातात, कारकून बदलतो, आणि तारीख कोणाच्याच ध्यानांत राहत नाहीं.

म्हणून जाणता वकील गठ्ठा बांधण्यापूर्वीं त्याच्या तोंडाशीं एक कागद लावतो. निकाल केव्हां लागला, जिल्हा न्यायालयांत अपील करण्याचे ३० दिवस केव्हां संपतात, दरखास्त दिली कीं नाहीं, फेरफार झाला कीं नाहीं, आगाऊ घेतलेल्या रकमेपैकीं काय उरलें, हें सर्व त्यावर असतें. एखादें उत्तर कोरें असेल, तर तें प्रकरण निकाली खान्यांत जात नाहीं.

यानंतर मूळ कागद. खरेदीखत, जुनें वाटणीपत्र, कर्जफेडीची पावती हीं दाव्यांत निशाणीस लागलेलीं असतात. अपिलाची मुदत टळल्यावर, किंवा अपिलाचा निकाल झाल्यावर, तीं परत मागतां येतात. पण अर्ज कोणीतरी करावा लागतो! तीं काढून, पक्षकाराच्या हातीं देऊन, त्याची सही घ्यावी. तीस वर्षांचें जुनें खत योग्य ताब्यांतून पुढें आलें, तर त्यावरील सही व अक्षर ज्याचें म्हणून दिसतें त्याचेंच आहे, असें न्यायालयास धरून चालतां येतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांतील हा नियम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे. तेंच खत परक्याच्या माळ्यावर उंदरांच्या सहवासांत सांपडलें, तर तें तेथें कसें आलें हेंच आधीं सांगत बसावें लागतें. फी थकली म्हणून वकिलानें कागद अडवून ठेवावे, हेंही चालत नाहीं. २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तसा हक्क साफ नाकारला. फीच्या वसुलीचा मार्ग निराळा आहे.

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें आणि इंदापूर तालुक्यांतील जुनें पळसदेव पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं तेथील देवालय दिसूं लागतें. शेतांचे बांध मात्र दाखवितां येत नाहींत. अशा घरांतील नातवाला प्रकल्पग्रस्ताचा दाखला हवा असतो, तेव्हां आजोबांचा सर्व्हे नंबर आणि भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल शोधावी लागते. तीच नक्कल नुकसानभरपाई वाढवून मागितलेल्या जुन्या प्रकरणांत असूं शकते. गठ्ठ्यावर केवळ आजोबांचें नांव आणि दाव्याचा क्रमांक असला, तर नातू काय सांगून शोध घेणार? गांव, गट किंवा सर्व्हे नंबर, आणि वारसांचीं नांवें सूचीवर हवींत. संगणकावर प्रतिमा घेऊन ठेवल्यास शोध लवकर लागतो. मूळ खताची जागा मात्र ती प्रतिमा घेत नाहीं.

राहतां राहिले मसुदे, जादा प्रती आणि टिपणें. हीं अनंतकाळ सांभाळण्याचें कारण नाहीं. तथापि दरखास्तीची मुदत उलटल्याशिवाय त्यांस हात लावूं नये. पक्षकार अज्ञान असेल, तर त्यास १८ वर्षें पुरीं झाल्यावरही कांहीं दाव्यांसाठीं आणखी ३ वर्षें मिळतात. तेव्हां त्याचें प्रकरण निदान एकविसाव्या वर्षापर्यंत ठेवणें इष्ट. आणि हे कागद रद्दीच्या भावानें वाण्यास देऊं नयेत. पक्षकारानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्याचें वकिलावरील बंधन काम संपल्यानंतरही सुटत नाहीं, असें कायद्यांतच म्हटलें आहे. भावाभावांच्या तंट्याचें टिपण साखरेच्या पुडीबरोबर प्रतिपक्षाच्याच घरीं पोहोंचावें, हें गांवांत अशक्य नव्हे. कागद फाडून नष्ट करावे, आणि काय नष्ट केलें, केव्हां व कोणाच्या समक्ष, याची एक ओळ नोंदवहींत लिहून ठेवावी.