डिस्चार्ज मिळाला, आता बेल कुणासाठी दाबायची?

रात्रीचे अडीच वाजलेले. घरात निजानीज झालेली. मी मात्र यांच्या उशाशी बसून होते. छाती वर-खाली होतेय ना, एवढंच बघत. श्वास जरा मंद वाटला की हळूच नाकापाशी हात न्यायची. एकदा यांनी डोळे उघडून विचारलं, ‘‘काय, आहे ना अजून?’’ थट्टाच होती ती, पण मला रडू कोसळलं.

मिरजेहून डिस्चार्ज घेऊन आल्यानंतरची ती चौथी रात्र. हार्ट अ‍ॅटॅक, अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. दवाखान्यात मी खंबीर होते. तिथे मशीन होतं, बेल दाबली की सिस्टर धावत येत होती. घरी आलो आणि लक्षात आलं, आता बेल कुणासाठी दाबायची? डॉक्टरांनी निघताना सगळं समजावलं होतं, मीही मान डोलावली होती. पण गाडीत बसल्यावर आठवायला गेले, तर ‘काळजी घ्या’ एवढंच आठवलं.

मग सुरू झाली भेटायला येणाऱ्यांची रीघ. माणसं मायेनेच येतात हो! पण प्रत्येकाजवळ एक गोष्ट असते. ‘‘आमच्या साडूंनाही असंच झालं होतं. पहिल्यातून वाचले, पण दुसरा आला तो...’’ आणि चहाचा घोट. कुणी म्हणे लसूण खायला द्या, कुणी म्हणे अर्जुनाची साल उकळा. एकाने तर सुचवलं, ‘‘आता त्या इंग्रजी गोळ्या हळूहळू कमी करा.’’

मी सगळ्यांचं ऐकलं आणि घाबरत गेले. यांना जिना बंद, बातम्या बंद, एकट्याने अंघोळ बंद. मुलाला सांगितलं, बाबांसमोर मोठ्याने बोलायचं नाही. हे गप्प गप्प होत गेले. एके दिवशी ताट सरकवून म्हणाले, ‘‘जिवंतपणीच मला फोटोत बसवलंस तू. हार तेवढा घालायचा राहिलाय.’’

त्याच संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या काकू आल्या. काकांना आठ वर्षांपूर्वी अ‍ॅटॅक येऊन गेलेला. काकू ‘घाबरू नकोस’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘अगं, मी सहा महिने यांना संडासाची कडी लावू दिली नव्हती. दाराबाहेर उभी राहून दर मिनिटाला हाक मारायची!’’ मी खळखळून हसले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. ही भीती एकट्या माझीच नाही, एवढं कळलं आणि छातीवरचा दगडच उतरला. जाताना काकू म्हणाल्या, ‘‘एक वही कर. रात्री जे जे मनात येतं ते लिहून ठेव आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांपुढे उघड.’’

वहीत अकरा प्रश्न निघाले. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर दिलं आणि या वेळी मी ते लिहून घेतलं. मैत्रिणींनो, तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून सांगते. हृदयाच्या स्नायूची जखम भरून यायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर जड उचलायचं नाही, पण अंथरुणालाही खिळायचं नाही. आधी घरातल्या घरात, मग पाच-दहा मिनिटं बाहेर, रोज थोडं थोडं वाढवत चालायचं. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली की थांबायचं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायच्या नाहीत. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचासुद्धा नाही. त्यात लोणचं-पापडही आलं.

छातीत दुखलंच तर? आधी बसायचं. जिभेखालची गोळी लिहून दिली असेल तर सांगितल्याप्रमाणे ठेवायची. पाच मिनिटांत थांबलं नाही, तर शेजाऱ्यांना विचारत न बसता १०८ ला फोन. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. तो नंबर मी फ्रिजवर चिकटवला. गंमत म्हणजे, तो चिकटवला त्या रात्री मी झोपले. माझी बेल मला सापडली होती!

बारावा प्रश्न मी लिहून खोडला होता. पती-पत्नीच्या संबंधांचा. डॉक्टरांनी तो खोडलेला वाचला आणि अगदी सहज म्हणाले, ‘‘दोन जिने न दुखता, न दमता चढता आले की त्याचीही भीती नको.’’ किती घरांत हा प्रश्न खोडलेलाच राहत असेल! यांच्या गप्प बसण्याबद्दलही ते बोलले. अ‍ॅटॅकनंतर उदास वाटणं, चिडचिड होणं पुष्कळांना होतं. पण दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, तर सांगायला हवं, त्यावर उपचार आहेत. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या नंबरवर मराठीतही मोफत बोलता येतं, २०२२ पासून.

पुढे आम्ही चार-पाच घरं दर गुरुवारी देवळाच्या सभागृहात जमू लागलो. पुरुष चालायला जातात, आम्ही बायका बोलत बसतो. एका गुरुवारी आमच्या बचत गटातली एक मैत्रीण आली. आम्हाला वाटलं, नवऱ्यासाठी आली असेल. तर म्हणाली, ‘‘स्टेंट मला बसलाय.’’ महिनाभर तिची पाठ आणि जबडा दुखत होता, मळमळत होतं, जिना चढला की दम लागत होता. सगळ्यांनी पित्त म्हणून सोडून दिलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ती पाण्याची कळशी उचलत होती. यांना भेटायला आलेले लोक विचारायचे, ‘‘आता कसं वाटतंय?’’ तिला विचारायचे, ‘‘स्वयंपाकाचं कसं करता?’’

हे सांगताना ती रडली नाही. आम्हीच रडलो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. तिच्या सासूबाई आणि नवऱ्यासमोर वही उघडून जखम भरायच्या आठवड्यांचा हिशेब मांडला. सासूबाईंनी मुकाट्याने ऐकलं. मग म्हणाल्या, ‘‘आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं गं.’’ त्या दिवसापासून कळशी तिच्या नवऱ्याने घेतली.

हे आता कडी लावून अंघोळ करतात, गाणंही म्हणतात. मी दाराशी उभी राहत नाही. (खोटं कशाला बोलू, जवळून जाताना कान देते!) वही सध्या तिच्याकडे आहे.

तुमच्या गल्लीत कुणी हृदयाच्या दुखण्यातून घरी आलं असेल, तर जरूर भेटायला जा. साडूंची गोष्ट मात्र घरीच ठेवा. डबा न्या. आणि आजारी माणूस बाई असेल, तर दोन वेळचा न्या.