सरस, डिंक आणि डुगडुगती खुर्ची

खुर्ची डुगडुगूं लागली कीं बहुतेक घरांत प्रथम बाजारांतून डिंकाची बाटली येते. सांधा मुळांत कशानें जोडलेला होता, हा प्रश्न मागाहून पडतो. वास्तविक हा क्रम उलटा हवा.

शंभर वर्षांच्या सागवानी किंवा शिसवी खुर्चीचे सांधे बहुधा सरसानें जोडलेले असतात. जनावरांचीं कातडीं व हाडें उकळून सरस काढतात. त्याचे तुकडे थंड पाण्यांत भिजवून, तें भांडें ऊन पाण्याच्या दुसऱ्या भांड्यांत ठेवून, साठ अंश सेंटिग्रेडच्या सुमारास तापवावें. उकळी फुटली कीं त्याचा चिवटपणा जातो. ऊब आणि ओल मिळाली म्हणजे सरस पुन्हां सुटतो. पुष्कळांस हा दोष वाटतो, आणि कोंकणांतील पावसाळ्यांत तो दोष ठरतोही. परंतु व्हायोलिन बनविणारे कारागीर आजही सरसच वापरतात ते ह्याच गुणासाठीं. पुढें वाद्य उघडण्याची वेळ आली तर लाकूड न चिरतां उघडतां येतें. शिवाय जुन्या सरसावर नवा ऊन सरस धरतो. जुना थर मुळापासून खरवडावा लागत नाहीं.

पांढऱ्या डिंकाचें तसें नाहीं. फेव्हिकॉल १९५९ सालीं बाजारांत आलें आणि सरसाची कटकट गेली, हें सुतारांच्या दृष्टीनें योग्यच झालें. कोऱ्या लाकडाच्या घट्ट सांध्यास हा डिंक उत्तम. मात्र त्याच्या वाळलेल्या थरावर दुसरा थर नीट धरत नाहीं. म्हणून पुढच्या खेपेस कुसूं तासावें लागतें. तासलेलें कुसूं खांचेंत सैल बसतें, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक खुर्ची अधिकच खिळखिळी होते. (खिळा ठोकणें हा तर दुरुस्तीचा प्रकारच नव्हे.)

दोन नळ्यांतील पदार्थ एकत्र कालवून लावावयाची राळ, म्हणजे अरल्डाइटसारखी, फट भरून काढते आणि पाण्यास दाद देत नाहीं. अंगणांतील बाकास किंवा लाकडावर धातु बसविण्यास ती घ्यावी. जुन्या खुर्चीच्या सांध्यांत ती घालूं नये; पुढें सांधा उकलूं गेल्यास बहुधा लाकूडच फाटतें.

सांध्यांत काय आहे हें ओळखण्यास, न दिसणाऱ्या जागीं ऊन पाण्याचा थेंब ठेवावा. सरस कांहीं वेळानें चिकट होतो. पांढरा डिंक दुधाळ व रबरासारखा मऊ पडतो. राळ जशीच्या तशी राहते.

सागाच्या अंगांत तेल असतें. त्यामुळें जेथें कोरें लाकूड उघडें पडलें असेल, तेथें तें स्पिरिटनें पुसून लगेच जोडावें. सरस निवतांच गोठतो, म्हणून सांध्याचे दोन्ही भाग आधीं थोडे शेकावेत. शिकंजा नसल्यास खुर्चीच्या पायांभोंवतीं दोरी गुंडाळून तींत काठी घालावी व पीळ द्यावा. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानें टिपून घ्यावा, आणि चोवीस तास त्या खुर्चीवर कोणास बसूं देऊं नये.