सायकलवरून उतरल्यावर पाय कुणाचे?

राजूर घाट सायकलनं चढून बुलढाण्यात या, सायकल भिंतीला टेकवा आणि लगेच पळत सुटा. पहिली काही मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत. पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या ट्रायथलॉन शर्यतीच्या नवख्यांना पोहण्याची धास्ती असते, पण खरी गंमत इथे आहे.

गोव्यात २०१९ साली सुरू झालेल्या ‘आयर्नमॅन ७०.३’ या ट्रायथलॉनमध्ये समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि वर २१.१ किलोमीटर धावायचं. (७०.३ ही तिन्हींची मैलांतली बेरीज.)

सायकलवर बरंचसं वजन सीट पेलते. कंबर वाकलेली, पाय गोल फिरतात. धावताना मात्र दर पावलाला वजनाच्या दुपटीहून जास्त भार पायावर येतो. स्नायू आधीच थकलेले, आणि मेंदू अजून पायडलच्याच तालात! म्हणून सरावात सायकलनंतर लगेच थोडं धावतात. या सरावाचं नाव ‘ब्रिक’, म्हणजे वीट. पाय विटेसारखे जड वाटतात, म्हणून अगदी चपखल.

दुसरी अडचण इंधनाची. शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा जेमतेम अर्धा किलो. जोर लावला तर दीड-दोन तासांत आटत जातो. म्हणून सायकलवरच खायचं. केळं, खजूर चालतं. शेंगदाण्याची चटणी घरी ठेवा, तेल पचायला वेळ लागतो.

मॉडेल-अभिनेते मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ साली झुरिकमध्ये गोव्यातल्या शर्यतीच्या दुप्पट अंतराची शर्यत पूर्ण केली. आणि हो, पोहण्याच्या सरावाला बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर नको. पाणी सोड्यासारखं अल्कधर्मी आहे.